दारू नाही, वजन बेताचं, मग फॅटी लिव्हर आलं कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४१, राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीत. उंची १७० सेंमी, वजन ६८ किलो. शाकाहारी, दारू कधीच नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीवर ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ आलं. यकृताच्या तपासणीतले एसजीपीटी ५८ आणि एसजीओटी ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१४, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, उपाशीपोटी साखर १०४, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ५.८, प्लेटलेट २ लाख ४० हजार. वडिलांना मधुमेह. ऑफिसातले म्हणतात, हे हल्ली सगळ्यांनाच असतं, सोडून दे. मेडिकलवाल्याने लिव्हर टॉनिक दिलंय. तेव्हा खरंच काळजी करायची का, फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करायचा का, आणि मी जाड नसताना हे झालं कसं?

काळजी घ्यायला हवी, पण ती एकट्या यकृताची घेऊन भागणार नाही. तुमचं सगळं लक्ष ‘ग्रेड २’ या शब्दांवर अडकलंय. माझं लक्ष आधी गेलं ते ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि सकाळच्या साखरेकडे. हे चार सुटे दोष आहेत, त्यातला एक टॉनिकने जाईल, दुसरा गोळीने, असं तुम्ही धरून चाललाय. प्रत्यक्षात चारही एकाच बिघाडातून आलेत.

तो बिघाड नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. खाण्यातली जास्तीची ऊर्जा शरीर चरबी म्हणून साठवतं. ती साठवायची सुरक्षित जागा म्हणजे कातडीखालचा थर: मांड्या, कुल्ले, दंड. ही जागा प्रत्येकाला सारखी मिळत नाही. कोठी भरली की उरलेली पोती ओसरीवर, माजघरात, जिन्याखाली रचावी लागतात; तसं कातडीखालची जागा संपली की चरबी आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंत जाऊन बसते. ज्याची जागा मोठी तो शंभर किलोचा होऊनही काही वर्षं निभावून नेतो. ज्याची लहान, त्याचं ६८ किलोलाच ओसंडायला लागतं.

आता यकृतात काय होतं ते पाहा. इन्शुलिनची तिथे दोन मुख्य कामं: जेवणानंतर ‘आता साखर तयार करणं थांबव’ असं सांगणं, आणि जास्तीच्या साखरेची चरबी करायला लावणं. यकृतात चरबी साचली, स्नायू साखर घेईनासे झाले, की पहिला निरोप यकृत ऐकेनासं होतं. दुसरा मात्र ऐकत राहतं. शरीर इन्शुलिन वाढवतं, म्हणून चरबी करण्याचं काम आणखी जोरात चालतं आणि साखर सोडणंही थांबत नाही. रात्री दहानंतर पोटात काही गेलं नाही तरी सकाळी तुमची साखर १०४ भरते ती यामुळे. ती रात्रभर यकृताने सोडलेली असते. तयार झालेली चरबी यकृत रक्तात पाठवतं, ती तुमच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड २१४ म्हणून दिसते. रक्तात चरबीचे हे कण वाढले की त्यांच्याशी होणाऱ्या देवाणघेवाणीत एचडीएल लवकर झिजतं, म्हणून ते ३६. आणि जी चरबी बाहेर पाठवता येत नाही ती तिथेच राहते, ती सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना दिसली.

यात तेलातुपाचा थेट वाटा लोकांना वाटतो त्याहून बराच कमी आहे. २००५ मध्ये अमेरिकेत फॅटी लिव्हरच्या रुग्णांवर झालेल्या एका बारकाईच्या अभ्यासात यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के भाग शरीरातल्या चरबीच्या साठ्यांतून सुटून आलेला निघाला, २६ टक्के यकृताने साखर-पिष्टापासून स्वतः बनवलेला होता आणि १५ टक्के थेट आहारातल्या स्निग्ध पदार्थांतून आला होता. फॅटी लिव्हर म्हटलं की घरात सगळ्यांत आधी तूप बंद होतं, आणि चहातली साखर तशीच राहते. उलटं व्हायला हवं.

‘मी जाड नसताना’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर तर पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचं शेजारी उभं राहून काढलेलं छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच मापात बसवत होता. त्याआधी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत याच गटाने गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी आणि पोटातले अवयवही लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. म्हणजे कमी स्नायू आणि तुलनेने जास्त चरबी ही ठेवण आपल्यापैकी अनेकजण जन्मापासून घेऊन येतात. पुढे चाळीस वर्षं बैठं काम आणि भरपेट पिष्ट मिळालं की त्याचं काय होतं, ते तुमच्या रिपोर्टात आहे.

हा शहरी सुखवस्तूंचाच आजार आहे असंही नाही. २०१० मध्ये पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या जवळपास ९ टक्के प्रौढांना फॅटी लिव्हर होतं, आणि त्यांतल्या तीन चतुर्थांश लोकांचा बीएमआय २५ च्या खाली होता. शिवाय भारतीयांसाठी २३ पासूनच वजन जास्त धरतात. तुमचा बीएमआय २३.५ येतो.

तुम्ही वजन-उंची कळवलीत, पण कंबर आणि रक्तदाब कळवला नाहीत. दोन्ही मोजा. कंबर म्हणजे पँटचा नंबर नव्हे; पँट आपण पोटाच्या खाली बांधतो, त्यामुळे ३४ ची पँट घालणाऱ्याचं पोट ३७ इंच भरताना मी रोज पाहतो. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, शर्ट काढून सरळ उभे राहा. बाजूला बोटाने शेवटची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाची वरची कड. या दोन्हींच्या बरोबर मधोमध टेप लावा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका आणि टेप कातडीत रुतेल इतकी आवळू नका. भारतीय पुरुषाला ९० सेंमी आणि स्त्रीला ८० सेंमी ही मर्यादा. त्यापुढचा आकडा पोटातल्या चरबीचा हिशोब वजनकाट्यापेक्षा खरा सांगतो. आरशासमोर एकदा मानेची मागची बाजू आणि काखाही पाहा. तिथे काळसर, मखमलीसारखी जाड झालेली कातडी असेल तर ती घासून जाणार नाही. ती वाढलेल्या इन्शुलिनची खूण असते. लहान मुलांत ती दिसली तर अजिबात दुर्लक्ष करू नका.

२०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून या आजाराचं नावच बदललं. आधी ‘दारूमुळे न झालेला’ एवढीच ओळख होती. आता नावात चयापचयाचा बिघाड आला. यकृतात चरबी आणि त्यासोबत पाचपैकी किमान एक गोष्ट, म्हणजे वाढलेलं वजन किंवा कंबर, साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड किंवा कमी एचडीएल, अशी त्याची व्याख्या आहे. तुमच्यात चार आहेत, पाचवी मोजलेली नाही. भारत सरकारने त्याआधीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, मधुमेह-कर्करोग-हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला होता.

आता ‘ग्रेड’बद्दल. सोनोग्राफीचा ग्रेड म्हणजे पडद्यावर यकृत किती उजळ दिसतं याचा डॉक्टरांनी नजरेने केलेला अंदाज. आज एकाने ग्रेड २ म्हटलं ते पुढच्या महिन्यात दुसरा ग्रेड १ म्हणू शकतो. थोडी चरबी सोनोग्राफीला दिसतच नाही. आणि मुख्य म्हणजे यकृतात वण धरायला लागलेत का, ते कडक होतंय का, हे ग्रेडवरून कळत नाही. पुढे सिऱ्होसिस (वणांनी यकृत कायमचं खराब होणं) किंवा यकृताचा कर्करोग होण्याचा धोका त्या वणांवर अवलंबून असतो, चरबीच्या प्रमाणावर तितका नाही. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणूनही सुटका मानू नये. वण असलेल्या कित्येकांचं ते नॉर्मल असतं.

वणांचा पहिला अंदाज तुमच्याच रिपोर्टातून फुकट निघतो. त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. तुमचं असं: ४१ गुणिले ३८ म्हणजे १५५८. ५८ चं वर्गमूळ साधारण ७.६, त्याला २४० ने गुणलं की सुमारे १८२८. भागाकार ०.८५. हा आकडा १.३ च्या खाली असला तर मोठे वण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेला तर यकृततज्ज्ञांकडे जायलाच हवं. मधल्यांना फायब्रोस्कॅन सांगतात. त्यात कडकपणा ८ किलोपास्कलच्या खाली आला की बहुधा निर्धास्त. पस्तिशीच्या आतल्यांना हे गणित नीट लागू पडत नाही, आणि पासष्टीच्या पुढे १.३ ऐवजी २ ची मर्यादा धरतात. तुम्हाला आज फायब्रोस्कॅनची गरज दिसत नाही. दोन वर्षांनी फिब-४ पुन्हा काढा, मधुमेह झालाच तर त्याआधी. हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या मात्र एकदा करून घ्या, आणि थायरॉइडही; चरबी दिसली म्हणून दुसरं कारण नसेलच असं नाही.

तुमच्या ऑफिसातल्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. देशभरातले अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये काढलेल्या अंदाजात सुमारे ३८ टक्के प्रौढांना फॅटी लिव्हर आढळलं. पण सगळ्यांना आहे म्हणून निरुपद्रवी, हे कुठल्या न्यायाने? या आजाराच्या लोकांचे सर्वाधिक मृत्यू यकृताने होत नाहीत, हृदयविकाराने होतात. चाळिशीत हार्ट अटॅक आलेल्या माणसाची जुनी फाइल काढली तर ‘फॅटी लिव्हर, बाकी नॉर्मल’ असा पाच वर्षांपूर्वीचा शेरा निघतो, आणि त्या शेऱ्यावर कुणी काहीच केलेलं नसतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ती पाच वर्षं हातातली होती. म्हणून तुमच्या डॉक्टरांशी यकृताइतकंच रक्तदाब आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) यांवर बोला. त्यांनी कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सुचवली तर ‘लिव्हरला त्रास होईल’ म्हणून नाकारू नका. फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन चालतं, आणि ज्यांना त्याची गरज आहे त्यांनी ते यकृताच्या भीतीने बंद करणं जास्त धोक्याचं.

लिव्हर टॉनिक परत करा किंवा राहू द्या, पण त्यावर विसंबू नका. सिलिमरीन असो वा अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल, वण कमी होतात असा भक्कम पुरावा कशाचाच नाही. ‘डिटॉक्स’च्या पुड्या, ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या, वजन उतरवण्याची चूर्णं यांपासून तर लांबच राहा; यांमुळे यकृताला सूज येऊ शकते. कोविडच्या काळात गुळवेलाचे काढे घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. यकृत ‘साफ’ करायची गरज नसते, त्यावर पडणारा भार उतरवायचा असतो.

तो कसा उतरवायचा? तुमच्यासारख्या फार जाड नसलेल्यांना एक दिलासा आहे. जाड व्यक्तीला यकृताची सूज उतरायला वजनाच्या ७ ते १० टक्के घट लागते. हाँगकाँगमधल्या २०१९ च्या अभ्यासात लठ्ठ नसलेल्यांपैकी निम्म्यांच्या यकृतातली चरबी ३ ते ५ टक्के घटीनेच नाहीशी झाली. तुमच्यासाठी म्हणजे दोन ते साडेतीन किलो. ते तीन-चार महिन्यांत, सावकाश. उपाशी राहून पंधरा दिवसांत उतरवलं तर आधी स्नायू झिजतात, आणि तुमच्याकडे तेच कमी आहेत.

खाण्यात मी सुरुवात नेहमी चहापासून करतो. हिंजवडीत दिवसाला चार चहा ही काही मोठी गोष्ट नाही. कपाला दोन चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर, दिवसाचे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, आणि यात सोबतचं बिस्किट, खारी, क्रीमरोल धरलेलंच नाही. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. तो मुख्यतः यकृताकडे जातो आणि तिथे त्याची चरबी सहज होते. गूळ घातला म्हणून सुटत नाही, गुळातही बहुतांश साखरच. रसवंतीगृहातला उसाचा रस, पॅकबंद ज्यूस, आमरसाच्या वाट्या यांना हेच लागू. फळ अख्खं चावून खा, त्याला हरकत नाही. कॉफी चालते, बिनसाखरेची. नियमित कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे वण कमी आढळतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय.

दुसरं ताट. आपलं शाकाहारी ताट पोळी, भात, बटाटा यांवर उभं असतं आणि वरण पातळ. तुम्हाला दिवसाला साधारण ५६ ग्रॅम प्रथिनं हवीत. वाटीभर पातळ वरणातून चार-पाच ग्रॅम मिळतात. म्हणून ताटात आधी उसळ आणि कोशिंबीर वाढून घ्या, मग घट्ट वरण किंवा पिठलं, सोबत ताक किंवा दही, आणि भाकरी-पोळी त्यानंतर उरलेल्या भुकेपुरती. मटकी, मूग, हरभरा, सोयाबीन, पनीर, शेंगदाणे, यांतलं काही ना काही प्रत्येक जेवणात यायला हवं. अंडं चालत असेल तर उत्तम. भात सोडायची गरज नाही. दोन वाट्यांची एक करा. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर केळं म्हणजे पिष्टाचा पूर भरलेला दिवस असतो. त्यापेक्षा भगर, दाण्याची आमटी आणि दही बरं. दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी खायचं, या आपल्याकडच्या वादात मी पडत नाही. एकूण किती आणि काय गेलं हे महत्त्वाचं. पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून साडेनऊला घरी पोचून दहाला भरपेट जेवून झोपणं हे मात्र मोडा. संध्याकाळचा डबा सात वाजता ऑफिसातच खाऊन निघा, घरी आल्यावर ताक घ्या.

व्यायामाने वजन उतरलं नाही तरी यकृतातली चरबी घटते, आणि हे लोकांना सांगायचं राहून जातं. जेवणातली साखर उचलायचं सगळ्यांत मोठं काम स्नायूंचं आहे. त्यांनी ती घेतली की यकृताकडे कमी येते. तुम्ही कोथरूडला आहात, वेताळ टेकडी जवळ आहे. आठवड्यात दीडशे मिनिटं घाम येईल असं चाला, चढ असेल तर फारच छान. मात्र रविवारी टेकडी उतरून मिसळ, वर जिलबी, हा बेत तासाभराच्या चालण्यात खर्च झालेलं सगळं परत भरून टाकतो. मिसळ खायची तर पाव एक आणि जिलबी नको. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम हवेतच: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, जोर, वजनं. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. घोरणं मोठं असेल, रात्री श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील तर त्याचीही तपासणी करून घ्या. झोपेतल्या श्वासाचा हा आजार आणि फॅटी लिव्हर बऱ्याचदा हातात हात घालून येतात.

दारू तुम्ही घेत नाही, तो विषय तुमच्यापुरता संपला. पण हे वाचणाऱ्या आणि ‘फक्त शनिवारी’ म्हणणाऱ्यांसाठी: चयापचय बिघडलेला असताना थोडी दारूही यकृताला दुहेरी मार ठरते.

नव्या औषधांबद्दलही विचारलं जातं. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या आजारासाठी मंजूर झालं, तेही सूज आणि मध्यम ते जास्त वण असलेल्यांसाठी. आपल्याकडे सरोग्लिटाझार हे औषध या आजारासाठी २०२० पासून वापरात आहे. तुमच्या ०.८५ ला आज यातल्या कशाचीच घाई नाही. तीन महिने वर सांगितलेलं करा, मग कंबर, वजन, ट्रायग्लिसराइड, सकाळची साखर आणि एसजीपीटी पाहा. सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करू नका. सगळ्यांत आधी ट्रायग्लिसराइड उतरेल, बहुधा पहिल्या महिना-दीड महिन्यातच. कंबर मागून येते. तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर डॉक्टरांशी औषधांबद्दल बोलायची ती वेळ.

आणि वडिलांना मधुमेह आहे, तेव्हा त्यांचंही फिब-४ काढा. त्यांच्या वयाला आणि मधुमेहाला तुमच्यापेक्षा वण असण्याची शक्यता बरीच जास्त. फायब्रोस्कॅन घरात कुणाला आधी करायचा असेल तर तो त्यांचा. भाऊ-बहीण असतील तर त्यांची कंबर, रक्तदाब आणि एचबीए१सी याच महिन्यात होऊ द्या, वजन कितीही असो.